कच्च्या रस्त्यावरची लांब सायकलसफर: पुढचं पाणी किती तासांवर?

माझ्या हँडलबारच्या बॅगेत वरच्या कप्प्यात एक वही असते. प्रत्येक पानावर तीन रकाने: कुठून, कुठपर्यंत, किती तास. चौथा रकाना किलोमीटरचा होता. तो मी दुसऱ्या सफरीत उभी रेघ मारून बंद केला. बावीस वर्षं हिशेबनिसाचं काम केलेल्या बाईने रकाना बंद करायचा म्हणजे किती जिवावर येतं, ते वह्या लिहिणाऱ्यांनाच कळेल.

झालं असं, की पहिल्या मोठ्या सफरीत नकाशावर पाण्याच्या दोन जागांमध्ये ६२ किलोमीटर दिसत होते. डांबरावर मी सामानासकट ताशी १५ने जाते. म्हणजे चार तास, धरा पाच. चार लिटर पाणी घेऊन निघाले. पहिले वीस किलोमीटर मजेत गेले, मग मऊ वाळू लागली आणि उरलेला दिवस मी सायकल ढकलण्यात घालवला. अंधार पडला तेव्हा अकरा तास झाले होते, १४ किलोमीटर उरले होते आणि बाटल्या कोरड्या होत्या. भूक लागली म्हणून बिस्कीट तोंडात टाकलं, तर ते भिजेचना. पिठासारखं टाळूला चिकटून बसलं आणि बोटाने खरवडून काढावं लागलं. पहाटे चारला उठून ढकलत ढकलत साडेसातला टाकी गाठली. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे लहानपणापासून ऐकत आले होते. तिथे खणण्यासारखी जमीनसुद्धा नव्हती, नुसती वाळू.

त्यानंतर मी रस्ता तासांत मोजते. बाकी सगळं, म्हणजे टायरची हवा, सामान, गिअर, निघायची वेळ, या एका आकड्यावरून ठरतं.

तासांचा हिशेब

आधी रस्त्याचे तुकडे पाडा. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या नकाशावर कच्च्या वाटांना ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी खूण असते. १ म्हणजे घट्ट, जवळजवळ पक्की वाट आणि ५ म्हणजे मऊ मातीतली किंवा गवतातली पुसट वाट. ही खूण कुणीतरी हौशी माणसाने कधीतरी केलेली असते, त्यामुळे तिच्यावर डोळे मिटून भरवसा नको. उपग्रहाचं चित्र उघडून तोच तुकडा पाहा. वाट एकाच रेषेत नेमकी दिसत असेल तर जमीन घट्ट आहे. वाट फाटून शेजारी शेजारी पाच-सहा चाकोऱ्या झालेल्या दिसल्या, तर गाडीवाले तिथे काहीतरी चुकवत आहेत. कोरड्या प्रदेशात ते बहुतेक वाळू चुकवतात, ओल्या प्रदेशात चिखल. ही एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर ते बिस्कीट गिळता आलं असतं.

माझे वेग असे आहेत: घट्ट मातीवर ताशी १३ किलोमीटर, पन्हळी (म्हणजे आडव्या लाटा) पडलेल्या रस्त्यावर ९, सुट्या खडीच्या चढावर ६ आणि ढकलत ३. तुमचे वेगळे असतील. दोन दिवसांची छोटी फेरी मारून ते स्वतः मोजा, दुसऱ्याचे उसने घेऊ नका. चढ मोठा असेल तर दर ३०० मीटर चढाला मी एक तास वाढवते.

आता एक खरं पान. ५४ किलोमीटरचा तुकडा होता. त्यात २० घट्ट, २४ पन्हळी आणि १० वाळू. दीड तास, पावणेतीन तास आणि सव्वातीन तास, मिळून साडेसात. त्यावर चौथा हिस्सा वाढवायचा, पंक्चर, जेवण, फोटो आणि नुसतं बसून राहणं यासाठी. झाले साडेनऊ. उन्हाळा फार कडक नव्हता, म्हणून तासाला पाऊण लिटर धरलं, म्हणजे सात लिटर. रात्रीचा स्वयंपाक आणि सकाळचा चहा अडीच लिटर. वर दीड लिटर ठेवीचं, ज्याला हात लावायचा नाही. एकूण ११ लिटर, म्हणजे ११ किलो. हा आकडा पाहून माझ्या धाकट्या भावाने डोक्याला हात लावला होता, पण संध्याकाळी आमच्याकडे जेमतेम दोन लिटर उरलं होतं आणि हिशेब बरोबर होता.

कडक उन्हात तासाला एक लिटर धरा. थंडीत अर्धा लिटर पुरतं. आकडा तुम्हाला उचलता येणार नाही इतका मोठा आला, तर तो तुकडा त्या मोसमात करायचा नाही, किंवा पाणी आधी नेऊन ठेवण्याची सोय करायची. छाती फुगवून निघण्याचा पर्याय मी मोजतच नाही.

आणखी एक. नकाशावरची पाण्याची निळी खूण म्हणजे पाणी नव्हे. पंप मोडलेला असतो, ओढा आटलेला असतो, टाकीला कुलूप असतं. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारते: ‘शेवटचं पाणी तुम्ही कुठे भरलंत?’ ‘पुढे पाणी आहे का?’ असं विचारलं की माणसं चांगुलपणाने हो म्हणतात.

पाणी पिण्याजोगं करणं

फिल्टर सोबत ठेवा, पण त्याची मर्यादा ओळखून. पोकळ तंतूंचा ०.१ मायक्रॉनचा फिल्टर जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो. विषाणू त्याहून बारीक असल्याने निसटतात. त्यामुळे वस्तीच्या किंवा गुरांच्या खालच्या अंगाचं पाणी असेल तर गाळून वर क्लोरीनची गोळी टाका किंवा उकळा. खळखळून एक मिनिट उकळणं पुरेसं असतं, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. नुसत्या क्लोरीनवर विसंबू नका, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी त्याला दाद देत नाही. गढूळ पाणी आधी रुमालातून गाळून भांड्यात तासभर निवळू द्या, नाहीतर फिल्टर दोन दिवसांत तुंबतो. आणि रात्री गोठणारी थंडी असेल तर फिल्टर झोपण्याच्या पिशवीत, अंगाशी. एकदा गोठला की आतले तंतू फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. पाणी तसंच येत राहतं, पोट मात्र बिघडतं.

पोट बिघडलंच तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा म्हणजे चहाचा. हे प्रमाण मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, कारण ताप चढल्यावर आठवत नाही. रक्त पडत असेल किंवा ताप उतरत नसेल तर सफर थांबवून डॉक्टर गाठायचा.

हवा

सायकल कोणती घेऊ, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि माझं उत्तर लोकांना आवडत नाही: तुमच्याकडे आहे ती, फक्त तिच्यात दोन इंचांहून रुंद टायर बसत असेल तर. रुंद टायर आणि कमी हवा यांनी जेवढा फरक पडतो तेवढा महाग फ्रेमने पडत नाही.

माझं वजन ५८, सायकल १६, सामान २० किलो. टायर २९ इंची, २.२५ रुंद, ट्यूबलेस. डांबरावर पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). खराब कच्च्या रस्त्यावर पुढे २०, मागे २४. मागे जास्त, कारण भार मागे जास्त असतो. ट्यूब असेल तर चार-पाच पीएसआय वाढवा, नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, सापाच्या दातांसारखी. तुमचं वजन जास्त असेल तर आकडेही जास्त. पहिल्या वाळूत मी ३५ पीएसआयवर चालवत होते, हे आता सांगायलाही लाज वाटते. ‘ताई, हवा काढ,’ भाऊ म्हणाला. थोडी काढली. ‘अजून काढ.’ मला वाटलं टायर रिमवरून उतरेल. तो नुसता पसरला, आणि जिथे चाक रुतत होतं तिथे सायकल तरंगल्यासारखी चालायला लागली. वाळूसाठी मी आता पुढे १५पर्यंत उतरते. वाळू संपली की पुन्हा भरायचा कंटाळा करायचा नाही, म्हणून पंप लांब नळीचा आणि उभा राहून मारता येईल असा घ्या.

ट्यूबलेसच्या आतलं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा द्रव, काही महिन्यांत वाळतं, कोरड्या उष्ण हवेत आणखी लवकर. निघण्याआधी चाक कानाशी धरून हलवा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला पाहिजे. सराट्यांच्या प्रदेशात तर ट्यूबलेसला पर्याय नाही. एका दुपारी मी पुढच्या टायरमधून २३ सराटे उपटले, आणि हवा तीन पीएसआयने उतरली होती. तरी दोन ट्यूब सोबत हव्यातच. त्या घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून प्रत्येक काटा काढावा लागतो, नाहीतर आगीतून फुफाट्यात.

सामान आणि बोल्ट

कच्च्या रस्त्यावर सायकल चालत नाही, थरथरते. दिवसाचे सात-आठ तास. त्या थरथरीत जे सैल आहे ते गळून पडतं आणि जे घट्ट आहे ते तडकतं. कॅरिअर आणि पॅनिअर (त्याच्या बाजूंना लटकवायच्या पिशव्या) घेणार असाल तर कॅरिअर स्टीलचं घ्या आणि हुकांमध्ये जुन्या ट्यूबचे तुकडे भरून त्यांचा खुळखुळाट बंद करा. खुळखुळणारा हुक आठ दिवसांत कॅरिअरचा पाइप खातो. मी मागचे पॅनिअर सोडून देऊन सामान फ्रेमच्या त्रिकोणात, सीटच्या मागे आणि हँडलवर बांधते. जागा कमी मिळते, म्हणून सामानही आपोआप कमी होतं. पाणी नेहमी खाली आणि मध्यभागी. पुढच्या चिमट्यावर दोन्ही बाजूंना सारखं.

बोल्ट बहुतेक ५ मिलिमीटर व्यासाचे असतात, ४च्या ॲलन कीने फिरतात. त्यांना निघण्याआधी निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा आणि चार जादा बोल्ट ठेवा. पहिल्या सफरीत बाटलीचा पिंजरा चालता चालता निखळला आणि आत लिटरची भरलेली बाटली होती. मी ती परत शोधायला तीन किलोमीटर मागे गेले. मिळाली नाही.

गिअर हलका हवा, याबद्दल कुणाचं दुमत नसावं. पुढे ३२ आणि मागे ५१ दात असतील, तर २९ इंची चाकावर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.४५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी सव्वापाच किलोमीटर. चालण्याच्या वेगाला आलात, याहून हलका गिअर फारसा कामाचा नाही. याहून जड असेल तर गुडघे तक्रार करणार.

रस्ता वाचणं

पन्हळी रस्ता हा सगळ्यांचा शत्रू. गाड्यांच्या चाकांनी आडव्या लाटा पडलेल्या असतात, पन्हळी पत्र्यासारख्या, आणि तुमचे दात, डोळे, विचार सगळं एकत्र हलतं. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किलोमीटरचा आहे, तो यासाठीच बदनाम आहे. कीथ मॅथर या ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञाने या लाटा प्रयोगशाळेत पाडून दाखवल्या आणि १९६३ साली त्याबद्दल लिहिलं. वाळूच्या गोल पट्ट्यावर चाक फिरवलं आणि वेग एका मर्यादेपुढे गेला की लाटा आपोआप तयार होतात. चाक बारीकशा उंचवट्यावरून उडतं, पलीकडे आपटून खड्डा करतं, पुन्हा उडतं. यात शिकण्यासारखं हे, की लाटा तिथे पडतात जिथे गाड्या वेगात जातात. म्हणून गुळगुळीत पट्टी शोधायची तर गाडीचं चाक जिथे जात नाही तिथे: अगदी कडेला, किंवा दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर. वळणाच्या आतल्या कडेला बहुतेक वेळा हातभर रुंद चांगली पट्टी मिळते. ती डावी-उजवीकडे बदलत राहते, तुम्हीही बदला. पण मागून-पुढून गाडीचा आवाज आला की मुकाट्याने आपल्या बाजूला या, कारण धुळीच्या लोटात ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही.

हात सैल ठेवा. हँडल गच्च धरलं की दोन दिवसांत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, तळहाताच्या कडेची नस दाबली जाते. माझी करंगळी एकदा सफर संपल्यावर पाच आठवडे बधिर होती आणि शर्टाची बटणं लावताना चिडचिड व्हायची. आता जाड पकडीचं, मागे वळलेलं हँडल वापरते आणि दर दहा मिनिटांनी पकड बदलते.

वाळूत शिरण्याआधीच हलका गिअर टाका, आत गेल्यावर बदलायला वेळ नसतो. वजन थोडं मागे, नजर लांब, पेडल गोल आणि अखंड. पुढचं चाक वळायला लागलं तर हँडलशी मारामारी करू नका, कमरेने वळवा. ब्रेक लावायचा नाही. थांबलात की थांबलात. पहाटे, दवाने ओलसर असताना, हीच वाळू निम्मी सोपी असते. दुपारी ढकलत तीनने जाते तिथे सकाळी सातला मी सहाने चालवलेलं आहे.

चिखलाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: जाऊ नका. सगळा चिखल नव्हे. वाळूमिश्रित चिखल नुसता घाण करतो. चिकणमाती ओली झाली की चाकाला थर चढतो, मग फ्रेम आणि चाक यांच्यातली फट भरते, मग चाक फिरत नाही. तुम्ही जोर लावता, चिखल डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) ओढून घेतो आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर तुटतो. १८९७च्या जून-जुलैमध्ये अमेरिकेच्या २५व्या इन्फंट्रीचे वीस कृष्णवर्णीय सैनिक लेफ्टनंट जेम्स मॉस याच्यासोबत मोंटानातल्या मिझूलाहून सेंट लुइसपर्यंत सायकलने गेले, सुमारे ३००० किलोमीटर, ४१ दिवस. त्यांनाही मोंटानाच्या चिकट मातीने असंच छळलं होतं. त्यांच्यावर हुकूम होता. तुमच्यावर नाही. पाऊस पडला की तंबू टाकून बसा. ऊन आणि वारा असेल तर वरचा थर अर्ध्या दिवसात धरतो. म्हणूनच सामानात नेहमी एक दिवसाचं जादा जेवण ठेवायचं. अगदी जावंच लागलं तर गवताच्या कडेने सायकल उचलून जा आणि एक चपटी काडी हाताशी ठेवा. चिखल ओला असतानाच काढायचा, वाळल्यावर छिन्नी लागते.

ओढा ओलांडताना आधी रिकाम्या हाताने जाऊन या. पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढ असेल तर नाही. सामान सुटं करून दोन फेऱ्या मारा. सायकल आपल्यापेक्षा खालच्या अंगाला धरा, म्हणजे प्रवाहाने ती ढकलली तर तुमच्या पायांवर येणार नाही. बूट काढू नका, तळाचे दगड दिसत नाहीत. हिमनदीचं पाणी पहाटे सर्वांत कमी असतं, दुपारी बर्फ वितळून चढतं. संध्याकाळी अडलात तर काठावर, पाण्यापासून उंचावर झोपा आणि सकाळी बघा.

टायरची कड फाटली तर

पंक्चर काढणं तुम्हाला येत असेल असं धरते. येत नसेल तर आधी ते घरी, घड्याळ न लावता, तीनदा करा. टायरची कड धारदार दगडाने फाटली तर काय करायचं, हे मात्र फार थोड्यांना येतं आणि तेच ओसाड जागी सफर संपवतं.

टायर पूर्ण उतरवा, आतून सीलंट पुसून कोरडा करा. जाड सुई आणि दात साफ करायचा नायलॉनचा धागा, डेंटल फ्लॉस, हवा. साधा दोरा चालत नाही, घासून तुटतो. फाटलेल्या तोंडापासून ४-५ मिलिमीटर मागे, चांगल्या कापडात टोचा. अगदी कडेला टोचलं तर धागा कापड फाडून बाहेर येतो. सुई बोटाने आत जात नाही, ती पक्कडीत धरून दाबायची. गोधडीसारखे आडवे टाके, फार आवळायचे नाहीत, दोन तोंडं एकमेकांना नुसती टेकली पाहिजेत. आवळलंत तर टायरला त्या जागी कुबड येतं आणि प्रत्येक फेरीला धप्प होतं. टाके झाले की आतून जुन्या टायरचा किंवा जाड प्लॅस्टिकच्या वेष्टनाचा तुकडा, फाटीच्या दुप्पट आकाराचा, पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवा. मग ट्यूब घाला, हवा नेहमीपेक्षा थोडी कमी. मी चार सेंटिमीटरची अशी फाट अकरा टाक्यांनी शिवली होती आणि त्या टायरवर पुढचे ३८० किलोमीटर गेले. रोज संध्याकाळी बोट फिरवून बघत होते, फुगलंय का.

बाकी दुरुस्तीचं सामान थोडक्यात. डिरेलरचा हँगर तुमच्याच फ्रेमचा हवा, दुसऱ्याचा बसत नाही. तो दोन नग घ्या. चेनच्या दोन जोडकड्या आणि चेन तोडायचं हत्यार. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या आऱ्यांची लांबी वेगळी असू शकते, प्रत्येकी दोन आरे फ्रेमला चिकटपट्टीने बांधून ठेवा. आरा बहुतेक कॅसेटच्या (मागच्या दातेरी चक्रांच्या संचाच्या) बाजूचा तुटतो आणि तो घालायला कॅसेट काढावी लागते, तेव्हा त्याचं छोटं हत्यार विसरू नका. ब्रेक पॅडचे दोन जोड, कारण ओल्या रेतीत एक जोड एका दिवसात संपलेला मी पाहिला आहे. चेन मोजायला पट्टी पुरते: २४ कड्या, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत, नव्या चेनमध्ये १२ इंच भरतात. एक-सोळांश इंच वाढ दिसली की बदला, नाहीतर ती कॅसेटही घेऊन जाते.

अंग

नवीन सीट घेऊन लांब सफरीला निघू नका. चड्डी रोज धुवा, पाणी कमी असेल तर चड्डी आधी, कपबशी नंतर. गळू यायला लागलं असं वाटलं त्याच दिवशी विश्रांती घ्या, तीन दिवसांनी घेतली तर आठवडा जातो.

उंचावर जाणार असाल तर सायकलचा कमी वेग फसवतो, वाटतं की हळूच तर चढतोय. मध्य आशियातल्या पामीर हायवेवरची अक-बैताल खिंड ४६५५ मीटरवर आहे. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर आणखी एक रात्र वाढवायचा. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

कुत्री पळणाऱ्या गोष्टीच्या मागे लागतात. सामानाने लादलेल्या सायकलवर तुम्ही त्यांना हरवू शकत नाही. थांबा, उतरा, सायकल मध्ये घ्या, आवाज खर्जात ठेवून बोला आणि चालत निघा. मी त्यांना हिशेब सांगते, काहीही चालतं. चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि सगळं सोडून रेबीजच्या लसीसाठी निघायचं. ठेवीचं दीड लिटर पाणी वापरायची वेळ आली, तर ती हीच.

वीज आणि मदत

डायनॅमो हब, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारा आणि चाक फिरलं की वीज करणारा डायनॅमो, याचे फार गोडवे गायले जातात. तो ६ व्होल्ट, ३ वॉटचा असतो आणि एवढी वीज साधारण ताशी १५च्या वेगाला देतो. कच्च्या रस्त्यावर तुम्ही नऊने जाता. दिव्याला ठीक, फोनला नाही. मी २०,००० एमएएचची पॉवर बँक नेते आणि फोन विमान मोडवर ठेवते. नकाशे आधीच उतरवलेले असतात. कागदी नकाशाही असतो, घडीच्या खुणेवर नेमका फाटलेला.

मोबाइलचं नेटवर्क नसेल तिथे ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन, किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र, यांपैकी एक हवं. बीकनला मासिक वर्गणी नसते, पण नोंदणी करावी लागते आणि तो फक्त ‘वाचवा’ एवढंच सांगतो. संदेशाच्या यंत्राने ‘दोन दिवस चिखलात अडकलेय, बरी आहे’ हेही कळवता येतं आणि घरचे उगाच शोधमोहीम काढत नाहीत. ते सामानात नाही, अंगावर बांधायचं. सायकलपासून पन्नास फूट खाली पडलात तर सायकलवरचं यंत्र काय कामाचं?

संध्याकाळचा अर्धा तास

सूर्य मावळायच्या दीड तास आधी मी जागा बघायला लागते. कोरड्या नाल्याच्या पात्रात नाही, कितीही सपाट दिसलं तरी. वर कुठेतरी पाऊस झाला की पाणी तिथूनच येतं. रस्त्यावरून गाडीचे दिवे पडणार नाहीत इतकं आत.

चहा उकळेपर्यंत सायकल उलटी न करता, भिंतीला किंवा झाडाला टेकवून, एकच फेरी मारते. चार एमएमची किल्ली घेऊन सगळे बोल्ट. मग आरे दोन-दोन दाबून बघते, सैल आरा बोटाला लगेच कळतो. टायरवरून हात, काटे काढायचे. चेन कोरड्या फडक्याने पुसायची. धुळीच्या रस्त्यावर तेल फार थोडं, एका कडीला एक थेंब आणि वरचं सगळं पुसून. तेलकट चेन धूळ धरते आणि तिची कानस होते. नव्या आवाजाचं कारण त्याच संध्याकाळी शोधते, उद्यावर टाकत नाही.

मग वही. दिवसाचे अंदाजी तास एका बाजूला, प्रत्यक्ष तास दुसऱ्या बाजूला. आजचे साडेनऊ होते, झाले दहा. वाळूचा वेग तीनवरून पावणेतीन केला. उद्याचे तुकडे पाडले: ३१ घट्ट, १७ पन्हळी, एक ओढा. पाणी किती लागेल ते लिहिलं आणि बाटल्या मोजल्या.

रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर बाटल्या तंबूत, तोंड खाली करून ठेवा. बर्फ वरून धरायला लागतो, म्हणजे तो बुडाशी धरेल आणि सकाळी सरळ करून झाकण उघडलं की पाणी येईल.